उंटरावांच्या आतला माणूस

“हसणं छान आलंय, पण एक जास्तीचं घेऊन ठेवू,” असं काचेपलीकडून दिग्दर्शक बाई म्हणाल्या, तेव्हा नकल्यानं कानांवरचा हेडफोन सारखा केला, पोट जरा आत ओढलं आणि पुन्हा हसून दाखवलं. हा हा, मग एक तोकडा श्वास, मग घशाच्या तळातून हुंम्. उंटरावांचं हसणं. बाईंनी अंगठा वर केला आणि त्या आठवड्याचा भाग संपला.

नकल्या हे त्याचं शाळेपासूनचं नाव. हेडमास्तरांचा खोकला तो इतका हुबेहूब काढायचा, की एकदा खुद्द हेडमास्तरांनीच आत दुसरं कोण आलंय ते बघायला वर्गाचं दार उघडलं होतं. नाव चिकटलं ते चिकटलं. पंचेचाळिशी उलटली, कानांजवळचे केस पिकले, तरी स्टुडिओत तो नकल्याच. पोटापाण्यासाठी तो टेलिफोनच्या ऑफिसात तक्रारी नोंदवून घ्यायचा. फोन लावला की ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, कृपया प्रतीक्षा करा’ असं जो सांगतो, तो आवाजही त्याचाच. चौदा वर्षं रोज हजारो माणसं त्याच्या आवाजावर करवादत होती, आणि ते त्याला ठाऊक होतं.

म्हणून त्याला ‘उंटरावांचं टपाल’ फार प्रिय. मुलांची साधीशी कार्टून मालिका. एक म्हातारा उंट डोंगरातल्या गावांना पत्रं वाटत फिरतो आणि त्याच्या पिशवीत चिंची नावाची एक तोंडाळ चिचुंद्री बसलेली असते. या मालिकेत नकल्या अकरा वर्षं होता, पण कशात? तिसरा बेडूक. दुकानदार बोकड. करकरणारं फाटक. बाजारातली गर्दी. उंटराव म्हणजे मामा, हे ठरलेलं. मामा कुणाचेच मामा नव्हते, पण सगळेच त्यांना मामा म्हणत. नऊ महिन्यांपूर्वी मामा आजारी पडले, आणि गेले सात महिने उंटराव नकल्या होता.

त्या दिवशी बाहेर पडता पडता स्टुडिओच्या ऑफिसातल्या मुलीनं त्याच्या हातात एक पाकीट ठेवलं. त्यावर गोल, नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, ‘उंटरावांच्या आतल्या माणसास’. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्याला पत्र लिहिलं होतं. त्यानं मशीनचा चहा घेतला, जिन्याच्या वळणावर खिडकीपाशी बसला आणि पाकीट जपून, कडेनं फाडलं.

‘मी अकरा वर्षांची आहे. मी तुमचे सगळे भाग पाहिले आहेत, काही चार-चार वेळा. नवीन भागांबद्दल माझं मत कळवते आहे. राग मानू नका.

चित्रं आधीसारखीच चांगली आहेत. धुकं तर फारच छान काढलंय. चिंचीपण मस्त. पण तुम्हाला काहीतरी झालंय. आधी तुम्ही पाकिटावरचं नाव वाचायच्या आधी थांबायचात. आताही थांबता, पण आता असं वाटतं की तुम्हाला नाव आधीपासूनच माहीत आहे.

दुसरं म्हणजे तुमचं हसणं. मी मोजलं. गेल्या नऊ भागांत तुम्ही तेवीस वेळा हसलात आणि तेवीसच्या तेवीस वेळा एकच हसलात. माझी धाकटी बहीणपण आता तसं हसून दाखवते, म्हणजे ते सोपं असणार.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. धुक्याच्या भागात चिंची हरवते आणि तुम्ही तिला हाका मारता. हाका जोरात मारल्यात. पण तुम्हाला माहीत होतं ती सापडणार आहे. आधी तुम्हाला माहीत नसायचं. पुराच्या भागात तुम्ही हाक मारलीत तेव्हा मी तो भाग आधी पाहिलेला होता, तरी रडले.

बाबा म्हणतात तुम्हाला कंटाळा आला असेल. आई म्हणते तुम्ही आजारी असाल. आजारी असलात तर लवकर बरे व्हा. कंटाळा आला असेल तर तसं सांगा, आम्ही थांबू.’

खाली सही म्हणून नुसतं ‘जुनी प्रेक्षक’, आणि त्याखाली घराचा पत्ता.

नकल्या आधी हसलाच. काय चिमुरडी आहे, तेवीस वेळा मोजत बसली! मग त्यानं पत्र पुन्हा वाचलं आणि दुसऱ्या वाचनात त्याला हसू आलं नाही. तिचा राग त्याच्यावर नव्हताच. तो आहे हे तिच्या गावीही नव्हतं. हे पत्र मामांना होतं.

मामांनी तीस वर्षं टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी केली होती. ज्या पत्रांचा पत्ता कुणाला लागत नसे, ती त्यांच्या टेबलावर येत. निवृत्त झाल्यावर कुणाच्या तरी ओळखीनं ते आवाजाच्या चाचणीला आले, कागद हातात धरला, आणि वाचण्याआधी क्षणभर थांबले. बाई सांगायच्या, त्या थांबण्यावरच मी त्यांना घेतलं. नकल्याला बेडकाचं काम मिळालं तेव्हा माइकपासून किती लांब उभं राहायचं, पानं वाजू न देता कशी उलटायची, हे मामांनीच शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत नकल्या त्यांच्यासमोरच त्यांची नक्कल करायचा, आणि मामा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसायचे.

मग मामांना झटका आला. फार मोठा नव्हता, पण तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि उजवा हात अधू झाला. दीड महिन्यानं बाईंनी नकल्याला पाठवलं. तू त्यांचा लाडका, जाऊन बघून ये, बोलणं कितपत आलंय ते; मी गेले तर त्यांना परीक्षा घेतल्यासारखं वाटेल. तो गेला. मामांनी त्याला बसवलं, जुन्या भागाचा कागद काढला आणि वाचून दाखवला. पहिल्यांदा शब्द अडखळले, ‘स’ घसरला, एका ओळीला लाळ पुसावी लागली. मामा म्हणाले, थांब, आत्ता तोंड उघडतंय. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा नकल्याच्या अंगावर काटा आला. आवाज थोडा खाली आला होता, पण उंटराव होते. कदाचित आधीपेक्षा जास्त होते. महिन्याभरात येतो म्हणून सांग बाईंना, असं मामांनी त्याला निघताना सांगितलं.

स्टुडिओत बाईंनी विचारलं, “काय म्हणतायत?”

आणि नकल्या म्हणाला, “शब्द नीट सुटत नाहीयेत अजून. काही सांगता येत नाही.”

त्यानं फक्त पहिलं वाचन सांगितलं. दुसरं सांगितलं नाही. बाईंनी विचारलं, चार भागांपुरतं तू करशील का? त्यानं जागच्या जागी उंटराव बोलून दाखवले आणि खोलीतले सगळे चाट पडले. चाराचे आठ झाले, आठाचे सोळा. दोन आठवड्यांनी मामांचा फोन आला तेव्हा तो त्यांना म्हणाला, बाई म्हणतात घाई करू नका, चांगली विश्रांती घ्या. हे बाई कधीच म्हणाल्या नव्हत्या. त्यानंतर तो मामांकडे गेला नाही, आणि पुढे पुढे त्यांचा फोन वाजला की बघत बसायचा, वाजून थांबेपर्यंत. स्टुडिओत कुणी कुणाची फजिती केली की ‘चांगला मामा बनवला’ असं म्हणत. तेवढं कानावर पडलं की तो काहीतरी निमित्त काढून खोलीबाहेर जायचा.

घरी आल्यावर त्यानं पत्र टेबलावर टाकलं. बायकोनं हात पुसत ते वाचलं. मालिकेच्या शेवटी नावं सरकतात त्यात नवऱ्याचं नाव आलं, तेव्हा तिनं चित्र थांबवून त्याचा फोटो काढून ठेवला होता आणि बहिणींना पाठवला होता. पोरगी लहान आहे, मनावर काय घेता, असं ती म्हणाली. पण पत्र खाली ठेवलं नाही, पुन्हा वाचलं.

“अहो, पण हे मामांना दाखवायला हवं. कुणीतरी आठवण काढतंय, केवढं बरं वाटेल त्यांना,” ती म्हणाली. “बाईंनी असं काढायला नको होतं हो त्यांना. पंधरा वर्षं राबला माणूस.”

बाईंनी मामांना काढलं, असं त्यानंच तिला सांगितलं होतं. म्हणजे तिघांना तीन गोष्टी सांगून झाल्या होत्या, आणि तिन्ही इतक्या छोट्या, की एकेक वेगळी धरली तर तिला खोटं म्हणणंही जड जावं. तो जेवला, भांडी विसळली, आणि बाथरूममध्ये नळ सोडून उंटरावांसारखं वेगळं हसून बघितलं. आलं नाही. जे आलं ते तिसऱ्या बेडकाचं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात दांडी मारून तो स्टुडिओत गेला. रेकॉर्डिंग नव्हतं. बाई एकट्याच पडद्यावर उंटरावांची चाल तपासत होत्या. त्यानं खुर्ची न घेता उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दुसरं वाचनही सांगितलं, फोनही सांगितला. सांगताना आवाज सारखा राहीना. इतकी वर्षं आवाजावर जगलेल्या माणसाला त्याचीही लाज वाटली.

बाईंनी पडदा बंद केला. ओरडल्या नाहीत. मामांनी मला फोन कसा केला नाही, असं त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, ते कशाला करतील, विश्रांती घ्या असा निरोप गेल्यावर.

“मीही गेले नाही,” त्या म्हणाल्या. “तू सांगितलंस आणि मला ते सोयीचं पडलं. आजारी माणसासाठी वेळापत्रक हलवायला लागलं नाही. त्यामुळे मी तुला काय बोलू?”

बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं नकल्याला वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, की मंगळवारच्या भागासाठी मामांना विचार. आता मध्ये दुसरा माणूस नको. तूच जा आणि जे मला सांगितलंस ते त्यांनाही सांग.

तो दुसऱ्याच सकाळी गेला. मामांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार मामींनी उघडलं. त्यांनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं, पण नेहमीसारखं ‘वाळलास रे’ म्हणाल्या नाहीत. मामा खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचत होते. तोंड सरळ झालं होतं. उजवा हात मांडीवर होता, बोटं किंचित आत वळलेली.

“ये. सकाळचा आलास ते बरं केलंस,” ते म्हणाले.

आवाज चिरका झाला होता, कडेला कापड उसवावं तसा. झटक्यानंतरही तो असा नव्हता. मामींनी सांगितलं, थंडीत पुन्हा एकदा झालं, अगदी बारीक. तेव्हापासून आवाज सकाळी दोन तास बरा असतो, मग जातो. दुपारी तर मला खुणेनंच पाणी मागतात. हे सांगताना त्या नकल्याकडे न बघता खिडकीची कडी लावत होत्या, काढत होत्या.

म्हणजे थंडीआधी पाच महिने होते. ते पाच महिने मामा या खुर्चीत, बरा आवाज घेऊन, फोनची वाट बघत बसले होते.

नकल्यानं सांगायला सुरुवात केली. बाईंना सांगताना शब्द सापडले होते, इथे ते सापडेनात. मामांनी त्याला मध्येच थांबवलं.

“त्या दिवशी मी दोनदा वाचलं होतं,” मामा म्हणाले. “तू पहिलं सांगितलंस.”

त्यांना कसं कळलं, हे विचारायचं त्याचं धाडस झालं नाही. मामांनीच सांगितलं. पहिला भाग लागला तेव्हाच कळलं. जेवणाच्या सुट्टीतली गंमत वेगळी; अख्खा भाग निभावेल एवढी माझी नक्कल तू तयार करून बसला होतास, ती चार दिवसांत होत नाही. मग म्हटलं, माणसाला इतकं हवं होतं तर मागायचं होतंस मला. दिलं असतं की नाही, ते माहीत नाही. पण विचारायचं होतंस.

मामी आत निघून गेल्या. नकल्या मान खाली घालून बसला होता. मंगळवारचं त्यानं कसंबसं विचारलं. मामांनी नाही म्हटलं, आणि त्यात राग नव्हता, हिशेबी विचार होता: दोन तासांच्या आवाजात उंटराव बसत नाहीत. मध्येच चिरकले तर पोरं घाबरतील. मी ते सगळे भाग बघतो, असं ते म्हणाले. प्रत्येक भाग. तुझा बोकड फार चांगला होता, तो आता कोण करतो? त्याच्यात काही दम नाही.

मग नकल्यानं खिशातून पत्र काढलं. हे तुमचं आहे, चुकून माझ्याकडे आलं, असं तो म्हणाला. मामांनी ते डाव्या हातात धरलं, पाकिटावरची अक्षरं बघितली, आणि मग हळूहळू, मोठ्यानं, पहिल्या ओळीपासून वाचलं. ‘तेवीसच्या तेवीस वेळा’ आलं तेव्हा ते हसले, आणि ते हसणं नकल्यानं कधी ऐकलंच नव्हतं. ‘तुम्हाला माहीत होतं ती सापडणार आहे’ इथे मात्र ते थांबले आणि पत्र जरा लांब धरून पुन्हा मनात वाचलं.

“पोरीला कान आहेत,” ते म्हणाले. मग नकल्याकडे वळले. “थांबण्याचं तिनं बरोबर पकडलंय. मी थांबायचो तेव्हा वाचत असायचो, नकल्या. घाणेरडं अक्षर, शाई फुटलेली, बघावं लागायचं. तू थांबतोस तेव्हा नुसता थांबलेला असतोस.”

हे त्यांनी शिकवल्यासारखं म्हटलं नाही. सुताराला दुसऱ्या सुतारानं केलेलं दार दिसावं आणि त्यानं फट दाखवावी, तसं. नकल्याला एवढंच कळलं की अकरा वर्षं तो ज्या खजिन्यावर डोळा ठेवून होता, त्यातलं फक्त झाकण त्याच्या हाती लागलं होतं.

मामा म्हणाले, आपण तिला उत्तर देऊ. आवाज आहे तोवर सांगतो, तू लिही. मामींनी पाटी आणि कागद आणून दिला आणि या वेळी त्या दाराशी उभ्या राहिल्या. नकल्यानं पाटी मांडीवर घेतली. मामा सावकाश सांगू लागले. तुझं पत्र मिळालं. तिन्ही मुद्दे बरोबर आहेत. तुझी आई म्हणते तेही बरोबर आहे, मी आजारी होतो. आता बरा आहे, पण आवाज म्हातारा झाला. उंटही म्हातारा आहे हे खरं, पण त्याला दिवसभर चालायचं असतं. म्हणून आता आत दुसरा माणूस आहे.

इथे मामा थांबले. नकल्यालाही थांबावं लागलं. पुढे काय येणार याचा त्याला अंदाज नव्हता, आणि पेनाचं टोक कागदाला टेकून तिथे शाईचा ठिपका पडत गेला.

“लिही,” मामा म्हणाले. “तो माझ्याकडेच शिकला आहे. अजून शिकतो आहे. त्याला ऐकत राहा आणि चुकलं की असंच कळव.”

नकल्यानं लिहिलं. ‘माझ्याकडेच’मधला ‘च’ त्याच्यानं पटकन लिहवेना. अक्षरं पाण्यातून बघावी तशी हलायला लागली, म्हणून त्यानं मान आणखी खाली घातली. तो कसा आत शिरला याबद्दल मामांनी एक शब्दही सांगितला नाही. तो म्हणाला, खरं लिहू या मामा, तिला कळू दे.

“ते तुझं पत्र आहे,” मामा म्हणाले. “तुला लिहायचं तेव्हा लिही. हे माझं आहे.”

एव्हाना त्यांचा आवाज उसवत चालला होता. शेवटची ओळ त्यांनी जवळजवळ कुजबुजत सांगितली, धाकट्या बहिणीला हसू दे. मग त्यांनी हात पुढे केला आणि पाटी मागितली. सही मी करतो, असं खुणेनं सांगितलं. मामी म्हणाल्या, डाव्या हातानं करा. त्यांनी मान हलवली. उजव्या हाताची बोटं त्यांनी डाव्या हातानं एकेक करून पेनाभोवती वळवली.

कागद पाटीवरून घसरत होता. नकल्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसला आणि त्यानं दोन बोटांनी कागदाचं टोक दाबून धरलं. मामांनी उंटराव लिहिलं नाही. स्वतःचं नाव लिहायला घेतलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट, टपालाच्या रजिस्टरवर करायचे तसं. एका अक्षराला नकल्याचे तीन-तीन श्वास होत होते. मामी दारातून हलल्या नाहीत. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती चालू होत नव्हती.

शेवटचं अक्षर झाल्यावर मामांनी पेन उचलला, पुन्हा पहिल्या अक्षराच्या डोक्यावर आणला आणि वरची रेघ ओढायला सुरुवात केली. रेघ निम्म्यापर्यंत सरळ आली, मग खाली उतरली आणि दोन अक्षरांच्या मधून गेली. मामांनी ती कडेपर्यंत नेली. नकल्याची बोटं कागदावर तशीच होती. त्यानं वर बघितलं नाही.